डिंका लोकांचे हस्तिदंती कर्णभूषण हाती आल्यास ते कसे पाहावे, नोंदवावे आणि जपावे

दक्षिण सुदानमध्ये श्वेत नाईलच्या आसपासच्या गवताळ पूरमैदानांत राहणारे डिंका लोक स्वतःला ‘जिएंग’ म्हणवतात. गुरे हेच त्यांचे धन. त्यांच्या हस्तिदंती दागिन्यांपैकी दंडात घालायची जाड कडी बऱ्याच जणांनी छायाचित्रांत पाहिलेली असतात. कानातले कोरीव दागिने मात्र आकाराने लहान असल्यामुळे सहज दुर्लक्षिले जातात. असा दागिना अभ्यासासाठी अथवा वारशाने आपल्यासमोर आला, तर पहिला नियम एकच आहे: तो पुसू नये, धुऊ नये, चकाकवू तर मुळीच नये.

असे सांगण्यामागे कारण आहे. गुरांच्या तळावर राहणारे डिंका शेणाच्या गोवऱ्यांची राख अंगाला फासतात आणि तेलही लावतात. त्यामुळे कोरीव रेघांत साचलेला काळसर थर हा मळ नसून दागिना प्रत्यक्ष वापरात असल्याचा पुरावा असू शकतो, आणि तो एकदा निघून गेला की कोणत्याही उपायाने परत येत नाही. हात स्वच्छ व कोरडे ठेवावेत किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि टेबलावर मऊ पांढरे कापड अंथरूनच वस्तू उचलावी.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा प्रकाश घेऊन पदार्थ ओळखावा. हत्तीचा सुळा आडवा कापला असता त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. या श्रेगर रेषा. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ त्यांच्यातील कोन आजच्या हत्तींमध्ये सरासरी 100 अंशांहून मोठा असतो. लहान कर्णभूषणात असा आडवा छेद एखाद्या टोकालाच मिळतो, म्हणून टोके आधी तपासावीत. उभ्या बाजूवर नुसत्या लहरत्या समांतर रेषा दिसल्या, तरी निराश होण्याचे कारण नाही. नाईलच्या खोऱ्यात पाणघोडेही असल्यामुळे त्यांच्या दाताची शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी: त्यात जाळी नसते, तर अगदी दाट व बारीक, एकाआत एक अशा रेषा असतात. हाडावर रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्यांचे काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. सेल्युलॉइडच्या नकलेत रेषा असतात, पण त्या फारच नियमित, जणू पट्टीने आखलेल्या. तापवलेली सुई टोचून पाहण्याची जुनी रीत वस्तूला कायमचा डाग देते. ती वापरू नये.

पदार्थापेक्षाही झीज अधिक बोलकी असते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. कानाच्या पाळीतून जाणारा भाग वर्षानुवर्षे त्वचेला घासून गुळगुळीत झाला आहे का, आणि दर्शनी कोरीवकामाच्या उंच कडा खोलगट भागांपेक्षा अधिक झिजल्या आहेत का, हे पाहावे. खऱ्या वापराचा पिवळसर तपकिरी रंग सहसा असमान असतो. रंगवून जुनी भासवलेल्या वस्तूत मात्र तो ताज्या ओरखड्यांतही सारखाच शिरलेला आढळतो.

नोंद करताना लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये लिहावे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. जुनी चिठ्ठी असल्यास तिच्यावरील मजकूर, चुकांसकट, जसाच्या तसा उतरवावा. चिठ्ठीवर ‘अँग्लो-इजिप्शियन सुदान’ असेल तर ती 1899 ते 1956 या राजवटीच्या काळातली असण्याची दाट शक्यता आहे. ‘दक्षिण सुदान’ हा देश 9 जुलै 2011 रोजी अस्तित्वात आला. अर्थात हे चिठ्ठीचे वय झाले, दागिन्याचे नव्हे. नुएर आणि शिलुक हे डिंकांचे शेजारी असल्याने, मिळाल्याचे ठिकाण ठाऊक नसेल तर ‘डिंका’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालणेच प्रामाणिकपणाचे ठरते. तुलनेसाठी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाची दक्षिण सुदानविषयक सूची इंटरनेटवर पाहता येते. तेथील काही वस्तू जॉन पेथरिकसारख्यांनी जमवलेल्या आहेत, जो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात खार्टूमहून हस्तिदंताच्या व्यापारासाठी वरच्या नाईलकडे गेला होता. त्या व्यापाराबरोबर गुलामांसाठीचे हल्लेही या लोकांच्या वाट्याला आले, हे नोंदकर्त्याने विसरू नये.

आपल्याकडील घरात वस्तू सापडली असल्यास आणखी एक दक्षता घ्यावी. झांझिबारमार्गे मुंबईत पूर्वी आफ्रिकी हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर येई व त्याच्या बांगड्या होत. म्हणून हस्तिदंत आफ्रिकी निघाला, तरी कोरीवकाम आफ्रिकी असेलच असे नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यातील 1991 च्या दुरुस्तीने भारतात आयात आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला आहे. अशी वस्तू विकत घेऊ वा विकू नये, परदेशातून सामानात घालून आणू नये, आणि वारशाने आलेली असल्यास पुढे काही करण्यापूर्वी वनविभागाकडे लेखी विचारणा करावी.

ठेवण्यासाठी आम्लरहित कागद व पुठ्ठ्याची पेटी घ्यावी. सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी, कारण हस्तिदंत ओलावा शोषून फुगतो, कोरडा पडून आक्रसतो आणि या ओढाताणीत तडकतो. रंगीत कापडाचा रंग त्याला लागतो आणि रबरातील गंधकाने डाग पडतात, म्हणून नोंदपत्र रबरबँडने न बांधता पांढऱ्या सुती नाडीने पेटीच्या बाहेर बांधावे.