रस्त्यावरच्या खिडकीसाठी एक्झॉस्टची पेटी: हवा खेळती, आवाज कमी

माझी बायको नर्स आहे, बहुतेक वेळ नाइट ड्युटीवर. सकाळी नऊच्या सुमारास घरी येते, चहा-पोहे झाले की झोपते, ती दुपारी तीनपर्यंत. आमचं घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. झोपायच्या खोलीला खिडकी एकच, तीही रस्त्यावर. तिची रात्र म्हणजे बाहेर भाजीवाला, भोंगा लावून फिरणारा भंगारवाला, रिक्षा आणि सायलेन्सर बदललेल्या बुलेट. खिडकी लावली की खोली कोंदते, उघडली की झोप जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. रात्रभर जागून काम करणाऱ्या माणसाची झोप त्यात कुठेच मोजलेली नाही. मग आपणच काहीतरी करायला पाहिजे.

उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करायचं माझं काम, म्हणून एक्झॉस्ट पंख्याची ही पेटी मी स्वतः केली. पण यात अवघड असं काही नाही. काटकोनात काम करणारा कुठलाही सुतार दोन दिवसांत करून देईल. मापं आणि त्यामागची कारणं नीट समजून घ्या, म्हणजे सुताराला "हे असंच का" ते सांगता येईल.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. दुकानात कमी आवाजाचा म्हणून मिळणारा एक्झॉस्ट स्वतः कमी वाजतो, इतकंच. तो बसवायला जे भोक पाडता, त्यातून रस्त्याचा आवाज सरळ आत येतो. भोक बुजवलं तर हवाही बंद. यातून वाट एकच आहे: हवेला वळणं घ्यायला लावायची. हवा वळते आणि पुढं जाते. आवाज मात्र वळणावर मऊ अस्तरावर आपटला की दर वेळी थोडा जिरतो. म्हणून पंखा थेट खोलीत न उघडता एका लांब, आतून अस्तर लावलेल्या पेटीत उघडायचा आणि पेटीचं खोलीकडचं तोंड दुसऱ्या टोकाला ठेवायचं. रस्त्याचा आणि पंख्याचा, दोन्ही आवाज त्या पेटीतूनच आत येणार, त्यामुळं दोन्ही एकदमच कमी होतात.

पंखा कुठला घ्यायचा? आमची खोली १० बाय ११ फूट, उंची १० फूट. म्हणजे ११०० घनफूट, साधारण ३१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा बदलायची म्हटली तर ताशी १५५ घनमीटर लागतात. पंख्याच्या खोक्यावर हवेचा आकडा छापलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला. पेटीतून ओढताना तो बराच उतरतो. म्हणून गरजेच्या दुप्पट-तिप्पट आकड्याचा पंखा घ्यायचा आणि तो सावकाश फिरवायचा. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण पंख्याचा आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे हा सौदा फार फायद्याचा आहे. सहा इंची पंखा जोरात पळवण्यापेक्षा आठ इंची पंखा निवांत फिरवा, असं मी छातीठोकपणे सांगतो.

रेग्युलेटर मात्र बघून घ्या. दिव्याच्या डिमरसारखा गोल फिरणारा रेग्युलेटर लावला की मोटर "घूंऽऽ" करत बसते आणि शांत खोलीत तेवढंच ऐकू येतं. टक-टक पायऱ्या असलेला, आत कपॅसिटर असलेला घ्या. बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी मोटरचा) पंखा असेल तर त्याला बाहेरचा रेग्युलेटर लावूच नका, त्याचा वेग त्याच्याच रिमोटवर किंवा बटणावर बदलतो.

आता पेटी. आमच्या खिडकीला खाली दोन झडपा, दोन्ही मिळून ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच, आणि वर १६ इंच उंचीचा व्हेंटिलेटर आहे. पेटी त्या व्हेंटिलेटरवर बसते, त्यामुळं खालचा उजेड तसाच राहतो आणि छताजवळ साठलेली गरम हवा आधी बाहेर जाते. पेटीचं बाहेरचं माप ४८ इंच लांब, १६ उंच, १६ खोल. खिडकीपेक्षा ती एक फूट लांब आहे, तो फूट शेजारच्या भिंतीवर येतो. प्लाय १८ मिमी, ८ बाय ४ चा एक शीट पुरतो. इथं जाडीत काटकसर करू नका. खिडकीच्या ४ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो, १८ मिमी प्लायचं १२ च्या आसपास. म्हणजे पेटीची भिंत काचेच्या तोडीची झाली. सहा मिमीची केलीत तर आवाज भोकातून येण्याआधी भिंतीतूनच येईल. आणि प्लाय आयएस ७१० चाच घ्या, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस साध्या कमर्शियल प्लायचे पदर सुटे करतो.

पेटीच्या पाठीला, डाव्या टोकाला पंख्याचं भोक. पुढच्या बाजूला, उजव्या टोकाला १० बाय १० इंचाचं खोलीकडचं तोंड. मधे दोन पडदे, म्हणजे हवेला वळवणाऱ्या उभ्या फळ्या. पहिला पंख्याच्या बाजूचा, पाठीपासून पुढं आलेला. दुसरा त्याच्यापासून सव्वा फुटावर, पुढच्या फळीपासून मागं गेलेला. दोन्ही अस्तराच्या पृष्ठापासून साडेचार इंच बाहेर येतात, समोर ६ इंचाची वाट सोडतात. हवा इंग्रजी एससारखी वळत जाते. खोलीकडच्या तोंडातून कुठल्याही कोनात डोकावलं तरी पंखा दिसता कामा नये. टॉर्च घेऊन बघा. उजेड सरळ पलीकडे जात असेल तर आवाजही तसाच जाणार.

वाट अरुंद करायचा मोह मात्र आवरा. आठ इंची पंख्याचं तोंड सुमारे ५० चौरस इंच. पेटीतली सगळ्यात अरुंद जागा पडद्यापाशी, ६ गुणिले साडेदहा, म्हणजे ६३ चौरस इंच. कुठंही पंख्याच्या तोंडापेक्षा कमी जागा ठेवली की हवा जोरानं घुसते आणि स्वतःच सू-सू करायला लागते. खोलीकडच्या तोंडाच्या कडाही धारदार ठेवायच्या नाहीत. पॅटर्नच्या कोपऱ्याला आम्ही फिलेट देतो, तशी अर्ध्या इंचाची गोलाई रंध्यानं मारून घ्या. हातानं कड चाचपली तर कुठं टोचू नये.

अस्तराला ५० मिमी जाडीचं, ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. बॉयलर आणि ओव्हनचं इन्सुलेशन करणाऱ्यांकडे ते मिळतं. पेटीच्या सहाही बाजूंना आतून ते बसवायचं, फक्त पंख्याचं भोक आणि खोलीकडचं तोंड मोकळं. पडद्यांना १२ मिमी प्लाय आणि दोन्ही अंगांना २५ मिमी अस्तर पुरतं. रॉकवूल जळत नाही, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा गुण, कारण शेजारी मोटर तासन्तास चालणार आहे. गादीचा फोम स्वस्त पडतो पण तो पेट घेतो. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे लावायला सांगणारे पुष्कळ भेटतील. थर्माकोलमध्ये हवा शिरतच नाही, म्हणून आवाज जिरत नाही, आणि ट्रे फार हलके असतात. दोन्ही टाळा.

रॉकवूल कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क हवाच. तंतू सुटून हवेत येऊ नयेत म्हणून त्यावर सुती कापड ताणून स्टेपल करा. कापड असं निवडा की तोंडाला लावून फुंकर मारली तर पलीकडे सहज जाईल. रेक्झिन किंवा प्लास्टिक लावलं तर आवाज अस्तरापर्यंत पोचणारच नाही आणि सगळी मेहनत वाया. पंख्याच्या जवळच्या भागात कापडावर वेल्ड मेशची तारेची जाळी मारा, म्हणजे कापड सुटून पात्यात जायचं नाही.

पंखा प्लायवर थेट आवळायचा नाही. तसा आवळला तर अख्खी पेटी त्याच्याबरोबर थरथरते. मशिनच्या पॅकिंगचं पाच-सहा मिमीचं मऊ रबर घ्या, पंख्याच्या फ्रेमखाली त्याचं कडं बसवा आणि स्क्रूच्या डोक्याखालीही रबरी वॉशर घाला. स्क्रू रबर जरा दबेल इतकाच पिळा. बोट लावून बघा: पंखा चालू असताना फ्रेम कापते, पण शेजारचा प्लाय गप्प असतो, तेव्हा बरोबर बसलं. वायरसाठी भोक पाडाल ते सिलिकॉननं भरा, अर्थिंग जोडा आणि बटण पेटीच्या बाहेर ठेवा.

पूर्ण पेटी ३५ ते ४० किलो भरते. जुन्या खिडकीच्या चौकटीला ती लटकवू नका. खाली लोखंडी अँगलचे दोन ब्रॅकेट, भिंतीत अँकर मारून. पेटी आणि ब्रॅकेटच्या मधेही तेच रबर. बाहेरून पंख्यावर पत्र्याची टोपी, तोंड खाली असलेली. आमची खिडकी पश्चिमेला आहे, पावसाळ्यात वारा तिकडूनच मारतो, म्हणून टोपी पंख्याच्या कडेपेक्षा चार इंच खाली आणली. टोपीच्या आतल्या बाजूला जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चिकटवा, नाहीतर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवतो.

आता ज्या कामात लोक कंटाळा करतात, ते. पेटी कितीही चांगली झाली तरी खालच्या झडपांच्या फटी राहिल्या तर काही उपयोग नाही. खिडकीच्या शंभर भागांतला एकच भाग उघडा राहिला, तर बाकी काच कितीही जाड असो, २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. आमच्या झडपांचा हिशोब करा: चारी बाजूंचा घेर १४ फूट, मधली फट ४ फूट, एकूण १८ फूट. फट फक्त २ मिमी धरली तरी सुमारे १७ चौरस इंच होतात, आणि १२ चौरस फुटांचा शंभरावा भाग तेवढाच. म्हणजे डोळ्याला धड न दिसणारी फट सगळा खेळ बिघडवते.

या फटी शोधायला पंख्याचीच मदत घ्या. खोलीचं दार लावा, पंखा पूर्ण वेगात सोडा आणि उदबत्ती घेऊन झडपांच्या कडेनं हळूहळू फिरवा. पंखा हवा बाहेर ओढत असतो, त्यामुळं जिथं फट असेल तिथं धूर खोलीच्या आत ढकलला जातो. तिथं पेन्सिलीनं खूण. बिजागरीची बाजू, कडीखालची जागा आणि दोन झडपा जिथं मिळतात ती रेघ, बहुतेक खुणा इथंच पडतात. मग रबरी गास्केट पट्टी, चौकट आणि भिंतीच्या मधे सिलिकॉन, आणि परत उदबत्ती. पेटीच्या पाठीमागच्या कडेनंही फिरवा. चौकट भिंतीपेक्षा आत असेल तर तिथं फळी भरून पाठ सपाट करून घ्यावी लागते.

एवढं सगळं बंद केल्यावर पंख्याला हवा कुठून मिळणार? बाहेर जाईल तेवढी आत यायला पाहिजे. आमच्या घराच्या मागं बोळ आहे, तिकडं सावली आणि शांतता, म्हणून आम्ही खोलीचं दार बोटभर उघडं ठेवतो आणि मागची खिडकी उघडी. एप्रिल-मेच्या दुपारी रस्त्याकडची तापलेली हवा आत घेण्यापेक्षा मागची गार हवा घरातून ओढून आणलेली बरी, म्हणूनच पंखा बाहेर फेकणारा ठेवला. ज्यांच्या फ्लॅटला मागची बाजूच नाही, त्यांनी दुसऱ्या खिडकीला अशीच एक बिनपंख्याची पेटी करून आत येणाऱ्या हवेची सोय करावी.

आणि हे कृपा करून नीट वाचा: खोलीला लागून बाथरूम असेल आणि त्यात गॅस गीझर असेल, तर गीझर चालू असताना हा पंखा चालवू नका. बंद घरातून हवा ओढली जाते तेव्हा गीझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत खेचला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आमच्याकडे गीझर आणि पंख्याला एकच टू-वे स्विच बसवलाय, म्हणजे एका वेळी दोन्हीपैकी एकच चालतं. गीझरला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बंद करायची सोय नसल्यानं मी त्याच्या गॅस लाइनवर सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा) व्हॉल्व्ह घालून घेतला, तो स्विचवर चालतो. हे काम गॅसच्या अधिकृत फिटरकडूनच करून घ्या. तेवढं करायचं नसेल तर गीझरच बाहेर मोकळ्या हवेत हलवा.

कशाचा आवाज किती अडतो हेही आधीच सांगतो, म्हणजे पैसे घालून निराशा नको. हॉर्न, बोलणं, भोंगा, ब्रेकची किंकाळी, यांना पेटी छान दाबते. बुलेटचा आणि ट्रकचा घुमणारा आवाज थोडाच कमी होतो. गणपतीतल्या डॉल्बीच्या ठोक्यांना ती अडवू शकत नाही, कारण १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, दोन इंच अस्तराला ती जुमानत नाही. त्या दिवसांत बायको माहेरी कळंब्याला झोपायला जाते.

पेटीची पुढची फळी फेव्हिकॉलनं चिकटवू नका, स्क्रूनंच बसवा, कडेला पातळ फोमपट्टी लावून. दसऱ्याच्या आधी घराची साफसफाई निघते तेव्हा ती उघडायची. पात्यांवरची काजळी ओल्या फडक्यानं पुसायची, खोलीकडची जाळी धुवायची, कापड हातानं दाबून कुठं ओल लागते का बघायचं. ओल लागली तर पाणी टोपीतून येतंय की चौकटीच्या वरून, ते शोधून आधी ते बंद करा, रॉकवूलचा तेवढा तुकडा बदला आणि मगच फळी परत लावा.