मुळा तिखट का होतो?

दसरा झाला, रानात वाफसा आला की पांढऱ्या मुळ्याची वेळ. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पेरणीला जपानी व्हाईट हा वाण घ्यावा: फूटभर लांब, पांढराशुभ्र, बोथट टोकाचा आणि चवीला सौम्य. पण ही सौम्य चव नुसत्या बियाण्याच्या पिशवीत येत नाही. पाण्याचा ताण बसला किंवा ऊन तापलं की हाच मुळा नाकातून पाणी काढतो.

जमीन भुसभुशीत हवी. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. ताजं घातलंत, ढेकळं राहिली, तर मुळा दुटांगी होतो आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. सऱ्या दीड फुटांवर पाडून वरंब्यावर बी टोका. हेक्टरी ८ ते १० किलो बी लागतं. दाट उगवलेली रोपं पंधरवड्यात विरळून दोन रोपांत ८-१० सेंटिमीटर ठेवा. उपटलेली रोपं फेकू नका, त्या कोवळ्या पाल्याच्या पीठ पेरून केलेल्या भाजीची चव पुढच्या पाल्याला येत नाही. पाला खायचा आहे म्हणूनच काळ्या अळीसाठी लगेच जहाल औषधाकडे धावू नये. थोड्या वाफ्यांत सकाळी वेचून काढता येते.

सगळं बी एकाच दिवशी पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी दोन-चार सरी पेरा, कारण ५० ते ६० दिवसांत तयार झालेला मुळा रानात थांबत नाही, आतून पोकळ पडतो. ओळखायची सोपी खूण: बाहेरचं जुनं पान देठाजवळ मोडा. देठ आतून पांढरा, कापसासारखा दिसला तर मुळाही तसाच निघण्याची शक्यता जास्त.

आता चुलीकडे. पाल्याकडचा भाग गोडसर असतो, तो कोशिंबिरीला. शेपटीकडचा उग्र, तो सांबारात किंवा मुगाच्या डाळीबरोबर भाजीत. किसल्यावर तिखटपणा सुटतो, म्हणून चटका करताना कीस मीठ लावून दहा मिनिटं ठेवावा, मग पिळून भिजवलेली वाटली डाळ, लिंबू आणि हिंगाची फोडणी. पिळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात. ते खारट असतं, तेव्हा पिठात मीठ बेतानं.

दोन-चार झाडं फुलावर आली तर उपटू नका. डिंगऱ्यांची, म्हणजे मुळ्याच्या शेंगांची, भाजी बाजारात क्वचितच मिळते.