तालुक्याच्या गावातल्या बुटीकमध्ये चित्रप्रदर्शन आणि नव्या कलेक्शनचं उद्घाटन कसं करावं

मोठ्या शहरात असा कार्यक्रम ठेवला की आलेल्यांपैकी खरेदी किती जण करतील, याची चिंता असते. विदर्भातल्या पवनी, आरमोरी, दर्यापूर, आर्णीसारख्या गावात गोष्ट त्याच्या आधीच अडते. बाई काचेच्या दारापर्यंत येते, आत डोकावते आणि 'घ्यायचं तं काही नाही, उगाच कायले' म्हणत पुढं जाते. तिला आत यायला निमित्त द्यायचं, एवढंच चित्रप्रदर्शनाचं काम. तारखेपासून नाश्त्यापर्यंत जे काही ठरवाल ते या एका कसोटीवर घासून बघा.

तारीख

तारीख पंचांगात बघण्याआधी वावरात बघा. सोयाबीन विकून हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे, पण तेव्हाच कापूस वेचणी सुरू होते आणि बाया दिवसभर शेतात असतात. पूर्वेकडे याच दिवसांत धानाची कापणी असते. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी कुणी येणार नाही, आणि संध्याकाळी लग्नं.

माझ्या मते सगळ्यात सोयीचा काळ संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला जायला घरी कुणाची परवानगी लागत नाही आणि कारणही सांगावं लागत नाही. लग्नाची खरेदी पुढंच असते, त्यामुळं ऑर्डर शिवून द्यायलाही वेळ मिळतो. मात्र पत्रिकेत 'सुवासिनींनी' असं लिहू नका. 'सगळ्या ताई, काकू, मावशींनी यावं' असं लिहा आणि दाराशी कुंकू लावतानाही कुणाला वगळू नका. विधवा बाईला दारात अवघडायला लावून आत कलेचं कौतुक करण्यात काही अर्थ नाही.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात असाल तर आणखी एक सोय आहे. गावात मंडई (म्हणजे जत्रा) किंवा नाटक असलं की घरोघरी पाहुणे उतरतात. नाटक रात्री, दुपार रिकामी. ती दुपार तुमची.

भिंतीवर काय लावायचं

सजावट म्हटली की लोक सरसकट वारली चित्रं काढून घेतात. वारली पालघर-डहाणूकडची, तिचा मान तिला आहे, पण आपल्या भागात दाखवण्यासारखं काय कमी आहे? मेळघाटात कोरकूंचे मृतांच्या आठवणीसाठी कोरलेले लाकडी मुंडा खांब आहेत. त्यांचे फोटो किंवा रेखाटनंच लावा, मूळ खांब हा श्रद्धेचा विषय आहे. गडचिरोलीचं बांबूकाम आहे, भद्रावतीची मातीची भांडी आहेत, वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची नैसर्गिक रंगांची खादी आहे.

आणि भंडारा-गडचिरोली पट्ट्यातला कोसा, म्हणजे टसर रेशीम, आहेच. ऐन-अर्जुनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याच्या कोशातून हा धागा निघतो. न रंगवलेला असला तर मधासारखा दिसतो. करवतकाठी साडी टांगून ठेवण्यापेक्षा टेबलावर काठाची बाजू वर करून पसरा आणि शेजारी एक भिंग ठेवा. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी जिथं अंगाला भिडते, तिथं काठाचा सुती धागा आणि अंगाचा रेशमी धागा एकमेकांत अडकवलेले दिसतात. त्यासाठी विणकर तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) चालवतो. हे डोळ्यांनी बघितलेली बाई किमतीवर घासाघीस करायच्या आधी जरा थांबते.

चित्रकार शोधायला नागपूर गाठायची गरज नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला कोण चमकलं होतं, त्यातलं कोण पुढं नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात गेलं आणि आता कुठं आहे, हे त्यांना पाठ असतं. दहा-बारा चित्रं पुरतात. विषय एकच ठेवा आणि तो तुमच्या कपड्यांशी जुळू द्या: पळसाचा रंग, धानाचा बांध, कापसाचं बोंड, काहीही. चित्र एकीकडं, कुर्ती दुसरीकडं असं झालं की बघणाऱ्याला दोन्ही उपरं वाटतं.

कागदावर घ्यायच्या गोष्टी

गावचाच पोरगा आहे म्हणून तोंडी ठरवू नका. एका पानावर प्रत्येक चित्राचं नाव, माप, किंमत, विकलं तर दुकानाचा वाटा किती, खराब झालं तर भरपाई कोण देणार आणि चित्रं कधी परत जाणार, एवढं लिहून दोघांनी सही करा. चित्र विकत घेतलं म्हणजे ते ओढणीवर छापायचा हक्क मिळाला, असं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क चित्रकाराकडेच राहतो. तुम्हाला हवा असेल तर तो वेगळ्या लेखी कराराने आणि वेगळे पैसे देऊन घ्या. बुटीकवाल्यांचे वाद बहुतेक इथंच उपजतात.

मांडणी

चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर यावा. गॅलऱ्यांमध्ये साधारण हाच हिशेब असतो. भाड्याच्या भिंतीत खिळे ठोकण्यापेक्षा छताजवळ आडवा बांबू बांधा आणि त्यावरून सुतळीनं चित्रं सोडा. कोसा पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली मेलेला दिसतो. पिवळसर उजेडाचे दोन-चार एलईडी भिंतीकडं तोंड करून लावले की रंग खुलतो. लाइट जाणारच, हे धरून इन्व्हर्टर आधी तपासा. जनरेटर आणलात तर दुकानाच्या मागं लावा, नाहीतर डिझेलचा वास कपड्यात बसतो.

प्रत्येक कपड्यावर आणि चित्रावर किंमत ठळक लिहा. किंमत विचारावी लागली की बाईला वाटतं, विचारलं म्हणजे घ्यावं लागेल. दाराजवळच्या टेबलावर कापडी बटवे, रुमाल, चित्रांचे पोस्टकार्ड अशा स्वस्त वस्तू ठेवा.

आमंत्रण

पुढाऱ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स चौकात लागला की बायका समजून जातात, हा आपला कार्यक्रम नाही. (शिवाय त्याला नगर परिषदेची किंवा नगर पंचायतीची परवानगी लागते.) त्यापेक्षा बचत गटाच्या बैठकीत जाऊन बोला, अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना घरी जाऊन पत्रिका द्या. व्हॉट्सॲप स्टेटस हवंच, पण त्यात विणकराचा चालता हात दाखवा. नुसता कपड्यांचा फोटो लोक अंगठ्यानं ढकलून देतात.

रिबीन विणकराच्या किंवा चित्रकाराच्या हातून कापा आणि पत्रिकेत त्यांचं नाव तुमच्या नावाच्या वर छापा. नगरसेवकाला बोलवावंच लागत असेल तर भाषण पाच मिनिटांचं, हे आधीच सांगून ठेवा. ते पाच मिनिटांत आटपणार नाही, हे धरून चाला.

प्रत्यक्ष दिवस

वेळ दुपारी बारा ते पाच. खेड्यातून येणाऱ्या बाईला परतीची एसटी गाठायची असते; संध्याकाळी सातचं उद्घाटन म्हणजे फक्त गावातल्यांसाठी. आठवडी बाजाराचा दिवस धरला तर गर्दी होईल, पण पिशव्या ठेवायला दारात एक कोपरा आणि एक माणूस द्या. हातात भाजीची पिशवी असताना कुणी कोसा हाताळत नाही.

कार्यक्रम अर्ध्या तासाचा पुरे. रॅम्प वगैरे नको. नवे कपडे गावातल्याच दोन शिक्षिका, एखादी नर्स, एखादी कॉलेजची मुलगी यांना घालायला द्या आणि त्यांना गर्दीत फिरू द्या. 'ताई, हे कितीचं?' हा प्रश्न पुतळ्याला कुणी विचारत नाही. विणकराकडून धोटा आणि थोडं सूत मागवून ठेवा, पोरीबाळींना हात लावू द्या. स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात अर्ज आधी द्या.

नाश्ता मांडवात, दुकानाबाहेर. तर्री-पोह्याशिवाय आपल्याकडं कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही हे खरं, पण तर्रीचा एक थेंब कोशावर पडला की साडी गेली. हात धुवायचं पाणी आणि नॅपकिन दाराच्या अलीकडेच ठेवा, किंवा चिवडा-संत्रा बर्फीवर भागवा.

नंतर

वहीत येणाऱ्यांचं नाव, गाव, फोन आणि काय आवडलं ते लिहून घ्या. काही न घेता गेलेल्यांचीही नोंद ठेवा. घरी लग्न निघालं की त्यांनाच पहिला फोन करायचा. ऑर्डर घेताना लग्नाची तारीख विचारा आणि फिटिंगची तारीख त्याच्या पंधरा दिवस आधीची द्या. विकलेल्या चित्रांचे पैसे आठ दिवसांच्या आत चित्रकाराला पोचवा, न विकलेली स्वतः नेऊन द्या. विणकरालाही त्याच आठवड्यात भेटा: कोणता काठ लोकांनी जास्त वेळ बघितला ते सांगा आणि पुढच्या ताण्याची (मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांची) ऑर्डर आगाऊ रकमेसह देऊन टाका.