घड्याळातलं १०,००० पावलांचं लक्ष्य आधी बदला

फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच घेतल्यावर पहिला आठवडा लक्ष्य ठेवूच नका. नेहमीसारखं चाला आणि शेवटी रोजची सरासरी पाहा. ती ३,५०० निघाली तर लक्ष्य ४,५०० ठेवा. पंधरा दिवस जमलं की पुढे सरका. १०,००० हा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो रूढ झाला. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात तर ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबलेला दिसला. (तरुणांना हा आकडा जसाच्या तसा लावू नये.)

आकडा समोर दिसला की माणूस लिफ्ट सोडून जिना धरतो, हे खरंच. पण रोज अपुरंच राहणारं लक्ष्य पाहून तोच माणूस घड्याळ काढून ठेवतो. सलग दिवसांची मोजणी, म्हणजे स्ट्रीक, आणखी फसवी: एक दिवस चुकला की सगळंच गेल्यासारखं वाटतं. शक्य असेल तर ती बंद करून आठवड्याची सरासरी बघा. अंगात ताप असताना केवळ स्ट्रीकसाठी चालायला निघणं हा शुद्ध वेडेपणा. दर तासाला ‘उठा’ म्हणणाऱ्या सूचनाही कमी करा. जेवणानंतरची एक पुरे.