शिशाच्या लगडींसाठी लोखंडी अँगलचा साचा

लगड म्हणजे साच्यात ओतून गोठवलेला धातूचा लांबट ठोकळा. तिचा साचा करायला घेण्याआधी, ज्या भांड्यात पुढे ती लगड वितळवायची आहे ते भांडे मोजून घ्यावे. लगड भांड्यात आडवी मावली नाही तर ती तिरकी उभी राहते, खालचा भाग वितळला की कलते, आणि रसात आपटून शिंतोडे उडवते. माझ्या भांड्याचा आतला व्यास २० सेंटिमीटर आहे, म्हणून मी १६ सेंटिमीटरपेक्षा लांब लगड ओतत नाही. साकीनाक्याच्या गाळ्यात वेल्डिंगची कामे करता करता वेसाव्याच्या काही मच्छीमारांसाठी जाळ्याची वजने ओतायला मी सुरुवात केली. भंगारातून वेड्यावाकड्या तुकड्यांत येणारे शिसे आधी स्वच्छ करून सारख्या लगडींत साठवले तर वजनाचा अंदाज चुकत नाही आणि मळी, म्हणजे वितळलेल्या शिशावर जमणारा मळ, ही एकदाच काढावी लागते, हे त्या कामातूनच शिकलो.

साच्यासाठी ४० × ४० × ५ मिलिमीटरचा साधा एम.एस. अँगल, म्हणजे मऊ पोलादाची काटकोनी पट्टी, सर्वांत सोयीचा आहे. त्याची आतली बाजू आधीच व्ही आकाराची, वर पसरट असते, त्यामुळे गोठलेली लगड अडकत नाही. कोणत्याही फॅब्रिकेशनच्या गाळ्यात त्याचे फूट-दीड फुटाचे तुकडे पडलेले असतात. रे रोडजवळच्या दारूखाना या जहाजांच्या भंगाराच्या भागातही असे लोखंड मिळते. मात्र जहाजाच्या जुन्या लोखंडावर पूर्वी शेंदराचा प्रायमर मारत असत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, हे विसरू नये. तो रंग जाळला किंवा ग्राइंडरने उडवला तर विषारी धूळ आपल्याच नाकात जाते. म्हणून रंग नसलेला, नुसता गंजलेला तुकडा निवडावा. जस्ताचा मुलामा असलेले जी.आय. लोखंड पूर्ण वर्ज्य समजावे, कारण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर ताप आणतो, आणि शिसे त्या मुलाम्याला धरून बसते. कथलाचा मुलामा दिलेले केकचे पत्र्याचे साचेही याच कारणाने टाळावेत. त्यांत ओतलेले शिसे डाग दिल्यासारखे चिकटते.

एका साच्यासाठी १६ सेंटिमीटरचा तुकडा कापावा. मग दोन्ही टोकांना, वरच्या कडा तशाच ठेवून, कोनाच्या कडेवर अर्धा-अर्धा सेंटिमीटर आत खूण करावी आणि टोके त्या तिरक्या रेषेवर कटिंग व्हीलने छाटावीत. म्हणजे तळाची कड १५ आणि वरच्या कडा १६ सेंटिमीटर राहतात. हा अर्ध्या सेंटिमीटरचा उतार हेच या कामाचे मर्म आहे. टोके गुण्यात सरळ कापली तर लगड दोन भिंतींत पाचरीसारखी बसते आणि हातोडीचे घाव घालावे लागतात. उतार दिला तर साचा उलटा करताच ती बहुधा स्वतःहून पडते. शिसे गोठताना सुमारे साडेतीन टक्के आकसते, त्याचीही मदत होते.

दोन्ही टोकांना ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे चौकोनी तुकडे बसवावेत. ते अँगलच्या कोनापेक्षा सेंटिमीटरभर खाली आणि थोडे बाहेर आले पाहिजेत, म्हणजे तेच साच्याचे पाय होतात. एरवी व्ही आकाराचा अँगल जमिनीवर उभा राहत नाही. जोडण्याआधी छाटलेली टोके कानशीने घासून पट्टीशी घट्ट मिळवून घ्यावीत. वेल्डिंग फक्त बाहेरून करावे. आतल्या बाजूला वेल्डचा एक दाणा जरी राहिला तरी शिसे त्याच्याभोवती गोठते आणि लगड खिळ्याने ठोकल्यासारखी अडकते. फट राहिली का ते पाहण्यासाठी अंधारात साच्याखाली टॉर्च धरावा. केसाएवढ्या फटीतून शिसे गळत नाही, पण उजेडाची स्पष्ट रेघ दिसली तर तिथे पुन्हा बाहेरून टाका मारावा. पाणी भरून गळती पाहण्याचा मोह आवरावा. कारण पुढे येईलच. शेवटी १२ मिलिमीटरच्या सळीची फूटभर मूठ एका टोकाच्या पट्टीला जोडावी.

लगडीचे वजन आधीच काढता येते. या अँगलच्या आत खोली सुमारे २.५ सेंटिमीटर असते, आणि काठाच्या ३ मिलिमीटर खाली थांबायचे म्हणून ती २.२ धरावी. काटकोनी व्ही असल्याने खोलीचा वर्ग हेच छेदाचे क्षेत्रफळ होते: २.२ × २.२ म्हणजे ४.८४. त्याला सरासरी लांबी १५.५ ने गुणले की ७५ घनसेंटिमीटर येतात, आणि शिशाची घनता ११.३४ असल्याने लगड साधारण ८५० ग्रॅमची होते. एका हाताने सहज उचलता येईल असे हे वजन आहे. काही जण मोठ्या चॅनलमध्ये, म्हणजे पन्हाळीसारख्या लोखंडी पट्टीत, पाच-सहा किलोच्या लगडी ओततात. त्या भांड्यात सोडताना हात थरथरतो, म्हणून मला त्या पसंत नाहीत.

आता पाण्याविषयी. मुंबईत या कामाचा खरा शत्रू हवेतला ओलावा आहे. शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसावर पाण्याचा थेंब वरून पडला तर तो बहुधा चरचरून उडून जातो, पण तोच थेंब रसाच्या खाली सापडला तर त्याची वाफ क्षणात सोळाशे पटींहून अधिक पसरते आणि वरचे सगळे शिसे उधळून टाकते. साच्यात ओलावा असला की पाणी नेमके खालीच असते. एका जुलैमध्ये रात्रभर फरशीवर ठेवलेला साचा मी सकाळी हाताने चाचपून कोरडा समजलो. आतल्या कोपऱ्यातल्या गंजाने दमटपणा शोषून ठेवला होता. पहिल्या पळीला फट् असा आवाज झाला आणि अर्धी पळी शिसे छताच्या पत्र्यापर्यंत गेले. तोंडावर पूर्ण ढाल होती, चामड्याचे हातमोजे होते, म्हणून बाहीला दोन भोके पडण्यावर भागले. पत्र्यावरचा तो रुपेरी डाग मी मुद्दाम खरवडलेला नाही. तेव्हापासून साचा कितीही कोरडा दिसला तरी दोन्ही बाजूंनी दहा मिनिटे भट्टीवर तापवून, १५० अंशांच्या वर नेल्याशिवाय मी त्यात ओतत नाही. भंगारही थंड भांड्यातच भरावे आणि शिशासोबत तापू द्यावे. समुद्रातून आलेल्या जुन्या वजनांच्या घड्यांत मिठासकट पाणी दडलेले असते; ती वितळलेल्या रसात कधीही टाकू नयेत.

नव्या चकचकीत लोखंडाला शिसे कधीकधी धरते, म्हणून साच्याला हलका गंज चढू द्यावा किंवा घासलेटच्या चिमणीवर आतून काजळी धरावी. तेल लावू नये. साचा लोखंडी ट्रेमध्ये ठेवून पाणसळीने समतल करावा. साचा थेट काँक्रीटवर ठेवू नये, कारण सांडलेल्या शिशाने त्यातला ओलावा फुटून कपच्या उडतात.

रसाचे तापमान ४०० अंशांच्या आत ठेवावे. के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे रसात बुडवून तापमान मोजणारी तारेची जोडी, यासाठी योग्य. चकाकत्या धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचे आकडे दाखवतो. या मर्यादेचा आणखी एक फायदा आहे. चाकांचा तोल साधायला लावतात त्या टायरच्या वजनांत काही जस्ताची निघतात, आणि जस्त ४१९.५ अंशांना वितळते, त्यामुळे ती वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. मेणबत्तीचा छोटा तुकडा टाकून ढवळले की मळी सुटते. त्या वेळी ज्वाला उठते, म्हणून मागे सरून उभे राहावे. पळी मध्ये न थांबता एका धारेने ओतावी. साय धरल्यावर वरून भर घालू नये, थर वेगळे राहतात. मध्ये किंचित खळगा पडणे स्वाभाविक आहे. पृष्ठभागावर सुरकुत्या आल्या तर साचा थंड होता असे समजावे आणि ती लगड परत भांड्यात घालावी.

जुन्या वाहनांच्या बॅटऱ्या मात्र कधीही फोडू नयेत. त्यांत ॲसिड असते, आणि त्यांच्या पट्ट्यांतल्या अँटिमनी व आर्सेनिकपासून अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हव्यात. छपाईचे जुने खिळे, म्हणजे धातूत ओतलेली सुटी अक्षरे, हेही वेगळे ठेवावेत, कारण अँटिमनी आणि कथलामुळे ते कडक असतात आणि त्यांची वजने पकडीने दाबताना तडकतात. एक मनातली गोष्ट सांगतो: १८६९ साली मुंबईत सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्यासारख्या ठिकाणी ज्या देवनागरी खिळ्यांनी आपली अक्षरे घडवली, तसे चांगले खिळे भंगारात हाती लागले तर ते भट्टीत न घालता जपणाऱ्या माणसाला द्यावेत.

हे काम घराच्या गॅलरीत, चाळीच्या व्हरांड्यात किंवा स्वयंपाकघराच्या शेगडीवर अजिबात करू नये. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, आणि खरा धोका धुरापेक्षा मळीच्या पिवळसर-राखाडी भुकटीचा असतो, जी कपड्यांवरून, चपलांवरून घरात येते. उघड्या, वाऱ्याच्या जागेत, बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचा मुखवटा लावून काम करावे. तिथे चहा-विडी काही नको. कपडे तिथेच बदलावेत आणि हात-तोंड साबणाने धुऊनच घरी निघावे. मळी झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावी. पालिकेच्या कचऱ्यात टाकू नये.

निवलेल्या लगडीवर छिन्नीने खूण करण्याची सवय लावावी. नखाने ओरखडा उठतो त्या मऊ शिशाला एक खाच, कडक मिश्रणाला दोन. साचे पालथे, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावेत.