नातवाचं ओसीआय काढायचंय? मग आधी आजोबांचा शाळेचा दाखला शोधा

इटलीवाले पूर्वजांच्या कागदावर थेट नागरिकत्व देतात (2025 पासून तिथंपण आजी-आजोबांपर्यंतच आणलंय), आपल्याकडं दुहेरी नागरिकत्वच नाही, त्यामुळं अमेरिकेत जन्मलेल्या नातवाला मिळतं ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. आयुष्यभराचा व्हिसा समजा, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आई-बाप, आजी-आजोबा किंवा पणजोबा यातलं कुणीतरी 26 जानेवारी 1950 ला किंवा नंतर भारताचं नागरिक पाहिजे. सांगली, जत, फलटण तर संस्थानं होती मग आमचे आजोबा धरतात का, असं लय जण विचारतात. धरतात की, 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले लोक कायद्यात वेगळे लिहिलेत.

फॉर्म ऑनलाइन आहे, फी 275 डॉलर, ते पोरगं तिकडं बसून भरतंय. बापाचा जुना भारतीय पासपोर्ट असेल, रद्द झालेला का असेना, तर आजोबांपर्यंत जायचं कामच नाही.

पण बापपण तिकडंच जन्मलेला असेल तर साखळी लावा: नातवाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव, बापाच्या दाखल्यावर आजोबांचं, आणि आजोबा इकडचेच याचा पुरावा. आजोबांचा पासपोर्ट नसेल तर गावच्या झेडपी शाळेत जा, हेडमास्तरांना जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) काढून त्यावरनं दाखला द्यायला लावा. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज टाकून कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) ची नक्कल मागा, कुणबी नोंदी ज्यात शोधत होते तेच ते. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा गाठावा लागतो, आणि पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगा'.

खरी डोकेदुखी नाव-तारखेची. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट 1 जून लावलाय, कोतवाल बुकात भलतीच तारीख. शाळेत जाधव, तिकडच्या कागदावर पाटील, कारण घरात पाटीलकी होती. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करून नोटरी करा, आणि हे फॉर्म भरायच्या आधी करा, क्वेरी आल्यावर पळापळ होते.

कार्ड 20 वर्षांच्या आत काढलं असेल तर विशीनंतर नवा पासपोर्ट आला की ओसीआय एकदा परत काढून घ्यावं लागतं, तेवढं पोराच्या कानावर घालून ठेवा.