वरचं मीठ कमी, पोटॅशियम जास्त: घरी कसं जमवायचं

आधी पानातलं मीठ काढा. ब्रिटनमधल्या ४ लाखांहून जास्त लोकांच्या २०२३ च्या अभ्यासात वरून मीठ घेणाऱ्यांत टाइप २ डायबेटिस जास्त दिसला, आता मिठानेच होतो असं त्यातून सिद्ध होत नाही पण बीपीसाठी तरी कमी करायचंच आहे ना. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यातच पापड, लोणचं, फरसाण, ब्रेड सगळं आलं बरं का!

दुसरं पोटॅशियम. रक्तात ते खूप कमी झालं की स्वादुपिंडातून साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन नीट सुटत नाही, बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी पोटॅशियम असं कमी होऊ शकतं. मग काय खायचं, तर डाळी, राजमा, पालक, केळं, दही. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, पोटॅशियम त्यातच उतरतं, ते आमटीत घाला आणि फोडणीत लसूण-कढीपत्ता वाढवून वर लिंबू पिळा, मीठ कमी पडलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

लो सोडियम मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम फार वाढून ते अंगावर येऊ शकतं, आणि नारळपाण्याचंही तेच.